मागच्या सीटवरून बहारीन

बहारीनला मी बहिणीकडे पाहुणी म्हणून गेले नव्हते, एका स्पॅनिश सिनेमावर बोलायला गेले होते. निदान विमानात बसताना माझी तशी समजूत होती. परत आल्यावर फिल्म सोसायटीतल्या मंडळींनी विचारलं, "काय मग, कसा झाला कार्यक्रम?" तेव्हा मी "छान झाला" म्हणून मोकळी झाले. आता जरा सविस्तर सांगते.

मी सांगलीची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून एका छोट्या फिल्म सोसायटीचं काम बघते आणि एका दैनिकात रविवारी परदेशी सिनेमांबद्दल लिहिते. हा स्पॅनिश सिनेमा म्हणजे प्रवासातली कॉमेडी. एका जोडप्यानं घटस्फोट घ्यायचं ठरवलंय, पण बायकोच्या भावाचं लग्न तोंडावर आलंय. म्हणून घरी कुणाला काही न सांगता दोघं एका खटारा गाडीतून उत्तरेच्या समुद्राकाठाहून पार दक्षिणेपर्यंत निघतात. मागच्या सीटवर बायकोची आई. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे निरोप आईमार्फत. नवरा म्हणतो, "आई, तुमच्या मुलीला सांगा, नकाशा उलटा धरलाय." बायको म्हणते, "आई, त्यांना सांग, रस्ताच उलटा निवडलाय." असं सगळा स्पेन संपेपर्यंत. शेवटी लग्नात दोघं नाचतात आणि पडदा पडतो.

या सिनेमावरून समीक्षकांत सरळ दोन तट पडले होते. तीन नट आणि एक गाडी यांच्या जोरावर इतकं हसवलं म्हणून काहींनी डोक्यावर घेतला. काहींना तो शिळा वाटला. शेवटच्या नाचात साखर फार झाली, संसाराच्या दुखण्यावर नुसत्या गुदगुल्या केल्या, असं त्यांचं म्हणणं. मी डोक्यावर घेणाऱ्यांतली. माझा लेख बहारीनमधल्या एका हौशी सिनेमंडळानं वाचला, त्यांना आवडला, आणि त्यांनी मला बोलावणं पाठवलं. परदेशातून बोलावणं! मी दोन नव्या साड्या घेतल्या.

झिंज

माझी धाकटी बहीण नंदा मनामाच्या झिंज भागात राहते. तिचा नवरा विश्वास मूळचा गुहागरकडचा, तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये फोरमन. मुलगी सानिका बारावीत. लग्न होऊन गेल्यापासून नंदा दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात यायची, आठवडाभर माझ्याकडे राहायची. मी मात्र पहिल्यांदाच तिच्या घरी येत होते.

विमानतळावर विश्वासराव एकटेच घ्यायला आले होते. जानेवारीचा वारा चांगलाच बोचरा होता. वाळवंटात थंडी वाजेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. शाल बॅगेच्या तळाशी. विश्वासरावांनी आपलं जॅकेट काढून मला दिलं. त्याला ऑइलचा वास येत होता. पण दिलं ते इतक्या सहज की मला भरून आलं.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खाली किराणा दुकान. इथे त्याला कोल्ड स्टोअर म्हणतात. गिऱ्हाईक गाडीतून उतरतच नाही. दारात गाडी लावून हॉर्न वाजवायचा, दुकानातला माणूस धावत येतो, काय हवं ते विचारून पुन्हा धावत जातो. एक पाव घ्यायलासुद्धा हॉर्न. सांगलीत असं कुणी केलं असतं तर दुकानदारानं गाडीसकट घरी पाठवलं असतं.

रात्रीच्या जेवणाला नंदानं चनाद तळला होता. चनाद म्हणजे आपली सुरमई. बरोबर सोलकढी आणि शेजारच्या भट्टीवरचा गरम खुब्ज, म्हणजे इथली रोटी, थाळीएवढा, फुगलेला, मधे काळे डाग पडलेला. आम्ही चौघं टेबलाशी बसलो.

"नंदा, ताईंना अजून एक तुकडी वाढ," विश्वासराव म्हणाले.

सानिकाचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. तिनं आधी बापाकडे बघितलं, मग आईकडे.

"वाढते की," नंदा म्हणाली. "तुम्हाला भात देऊ?"

"दे थोडा."

सानिका दोघांकडे अशी बघत होती, जणू टीव्हीवर अचानक भलतंच चॅनल लागलंय. मग मान खाली घालून भरभर जेवली आणि उठली. मी म्हटलं, "काय गं, पोट भरलं एवढ्यात?" तर म्हणाली, "आय अॅम फाइन, मावशी. स्टडीज आहेत." मला वाटलं, वय तसं आहे, परीक्षाही जवळ आलीय. वर मी नंदाला कौतुकानं म्हटलंदेखील, इतक्या वर्षांनी नवरा आग्रह करून वाढायला सांगतो, नशीबवान आहेस.

नंदा कढई घासत होती. म्हणाली, "ताई, तू दमली असशील. झोप जा."

मनामा

शुक्रवार इथला सुट्टीचा दिवस. दुपारी एका उपाहारगृहाच्या वरच्या हॉलमध्ये सिनेमा होता. मंडळ चालवतात हनीफभाई, रत्नागिरीचे, एका व्यापारी कंपनीत क्लार्क. सिनेमाचं वेड असं की प्रोजेक्टर स्वतःच्या गाडीतून लेकरासारखा मांडीवर घेऊन आले, गाडी त्यांच्या बायकोनं चालवली. हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील. मराठी जास्त, काही गोव्याची, काही केरळची. वडे आणि करक चहा. करक म्हणजे दूध आटवून, वेलची घालून केलेला चहा. आपल्या बासुंदीचा चुलतभाऊच.

सुरुवातीला मी बोलले. म्हटलं, रस्त्यावरचा सिनेमा दाखवायला तुम्ही असा देश निवडलात जिथे तासाभरात रस्ताच संपतो. लोक हसले. मला जोर चढला. मी त्या निरोपांच्या प्रसंगाबद्दल खुलवून सांगितलं. आई मागे बसून कशी निरोप पोचवते, त्यात हळूहळू स्वतःचे शब्द कशी मिसळते. "गेल्या कित्येक वर्षांत यापेक्षा विनोदी प्रसंग मी पाहिलेला नाही," मी म्हटलं, अगदी याच शब्दांत.

मग सिनेमा सुरू झाला. मी कडेला बसून माणसांची तोंडं बघत होते. निरोपांचा प्रसंग आला आणि पुरुष खदखदून हसायला लागले. एक गृहस्थ तर मांडीवर थापा मारत होते. बायकांतल्या काही हसत होत्या, काही नव्हत्या. तिसऱ्या रांगेत नंदा ताठ बसली होती. तिच्याशेजारी बसलेली सानिका उठली, लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर गेली, आणि पुन्हा आत आली नाही.

सिनेमानंतर चर्चा. इथेही दोन तट पडलेच. हनीफभाई म्हणाले, "मॅडम, आपल्याला तर जाम आवडला. हसून हसून माझा बीपी उतरला." निवृत्तीला आलेल्या एका अकाउंटंटनी ठणकावून सांगितलं की असले सिनेमे म्हणजे वेळेचा अपव्यय. एक नर्स म्हणाली, शेवटचा नाच खोटा आहे, नाचून काही मिटत नसतं. मी प्रत्येकाला उत्तरं देत होते, मजेत होते.

मग नंदानं हात वर केला. माझी बहीण चारचौघांत कधी बोलत नाही.

"ती जी मागं बसलेली असते," ती म्हणाली, "इकडचं तिकडं सांगणारी. तिला काय वाटतं, ते सिनेमात कुठंय?"

मी हसून म्हटलं, चांगला प्रश्न आहे. मग कॉमेडीत पात्रांच्या आत किती शिरायचं यावर पाचेक मिनिटं बोलले, एक-दोन फ्रेंच सिनेमांचे दाखलेही दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदा खुर्च्या गोळा करायला लागली.

खाली जेवताना मचबूस मागवलं, मसाल्याच्या भातात अख्खी कोंबडी आणि वर काळं पडलेलं वाळकं लिंबू. हनीफभाई माझ्या पानात वाढता वाढता म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आणायचं श्रेय विश्वासभाऊंचं हां. तुमचा लेख त्यांनीच आणून दाखवला. आम्ही म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पण ते ऐकतात कुठं? याच महिन्यात बोलवा, बाकी सगळं मी बघतो, म्हणाले. पाठच सोडली नाही."

मी टेबलापलीकडे विश्वासरावांकडे बघितलं. ते हाडावरचं मांस सोडवत होते. मला इतका अभिमान वाटला त्यांचा! गॅरेजमध्ये राबणारा माणूस, पण मेहुणीचं लिखाण वाचतो.

झल्लाक

शनिवारी ते आम्हाला समुद्रावर घेऊन गेले, पश्चिमेला झल्लाककडे. पुढे विश्वासराव आणि नंदा, मागे मी आणि सानिका. शहर संपल्यावर दोन्ही बाजूंना पिवळी, चपटी जमीन, मधेच तेलाचे पाइप, मधेच खजुराच्या बागेची हिरवी पट्टी. गाडीत काल होतं ते बोलणं आज नव्हतं. काल हॉलमध्ये काहीतरी तुटलं होतं आणि पुन्हा जोडायचं नाटक करायची ताकद कुणात उरली नव्हती, हे मला नंतर कळलं.

एका वळणावर नंदा हलक्या आवाजात म्हणाली, "सानिका, टेल बाबा, लेफ्ट साइडला पार्किंग आहे."

नवरा वीतभर अंतरावर बसलेला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"बाबा, लेफ्ट," सानिका म्हणाली.

"तिला सांग, दिसतंय मला."

"ही नोज, मम्मा."

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, कालच्या सिनेमाची नक्कल करून माझी गंमत करताहेत. "अगदी तस्संच!" मी म्हटलं. कुणीच हसलं नाही. सानिकानं खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि तिचे कान लाल झालेले मला दिसले.

किनाऱ्याचा बराचसा भाग रिसॉर्टांनी अडवलेला. कुंपणांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात लोक चटया टाकून बसले होते, कुणी शेगडीवर मांस भाजत होतं. पाणी उथळ आणि इतकं शांत, की आमच्या गणपतीपुळ्याच्या मानानं हा समुद्र म्हणजे भरून ठेवलेली परात. विश्वासराव थर्मास आणायला गाडीकडे गेले. सानिका दूर जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसली.

"कधीपासून?" मी नंदाला विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं तुम्ही पोरीच्या तोंडून बोलताय?"

"शाळेत लागले ना मी, झिंजमधल्या प्ले-स्कूलमध्ये. त्यांना नको होतं. मी न विचारता लागले. त्या दिवसापासून." तिनं पायानं वाळू सारखी केली. "तू येणार म्हणून चार दिवस नीट बोलायचं ठरलं होतं. तेही सानिकामार्फतच ठरलं."

काल मी याच माणसांसमोर उभी राहून ते किती विनोदी आहे हे समजावून सांगत होते.

विश्वासराव चहा घेऊन आले. कप माझ्या हातात देत म्हणाले, "ताई, बोलणं निघालंच आहे तर सांगून टाकतो. सोमवारच्या तुमच्या फ्लाइटवर नंदाचंही बुकिंग केलंय. तुमच्या शेजारचीच सीट."

मी नंदाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, तीही हे आत्ताच ऐकत होती.

"गावाला माझी आई एकटी आहे. तिला आता होत नाही. नंदा तिथे राहील. सानिकाची परीक्षा होईपर्यंत मी बघतो इथलं."

"आणि माझी शाळा?" नंदानं विचारलं. दोन वर्षांत नवऱ्याला तिनं मनापासून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. तो त्यांनी ऐकला, आणि उत्तर मला दिलं.

"ताई, ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकते. म्हणून म्हटलं, तुम्ही असताना झालेलं बरं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो लेख, ते बोलावणं, याच महिन्यात बोलवा म्हणून लावलेला लकडा. मला सिनेमावर बोलायला आणलंच नव्हतं. बहिणीला उचलून न्यायला सोबत हवी होती, आणि मेहुणी कुठल्या आमिषाला भुलेल हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. चहा हातात तसाच निवला. कुंपणापलीकडे रिसॉर्टमध्ये कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, फुगे फुटल्याचे आवाज येत होते.

तुबली

रविवारी इथे कामाचा दिवस. मी एकटीच टॅक्सी करून तुबलीला गेले. खाडीच्या कडेनं गॅरेजची रांगच्या रांग आहे. पत्रे, ग्राइंडरचा आवाज, ओहोटीच्या चिखलाचा वास. विश्वासराव एका उघड्या बॉनेटवर वाकून कुणाला तरी हिंदीत झापत होते, मधेच अरबीत "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला, म्हणत होते. मला बघून हात पुसत आले, खुर्ची मागवली.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पण त्या माणसाचे डोळे इतके थकलेले होते की आवाज चढेना.

"विश्वासराव, मला सरळ का नाही सांगितलंत?"

"सरळ सांगितलं असतं तर आला असतात?"

"नसते आले."

"बघा मग."

"तिला शाळेत जाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी हातातला फडका घडी करून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, "ताई, दिवसभर मी इथे ओरडतो. मालक माझ्यावर ओरडतो, मी यांच्यावर. घरी गेल्यावर वाटायचं, कुणीतरी दार उघडावं. बास. ती नोकरीला लागली आणि मी स्वतःच्या चावीनं दार उघडायला लागलो. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल."

"क्षुल्लकच आहे."

"असेल. पण तिनं विचारलं नाही. मग मी बोललो नाही. मग ती बोलली नाही. आता मला जमतच नाही. तोंड उघडतो तर शब्द येत नाहीत."

"मग नाही जमत म्हणून मोकळे व्हा. तिला गावाला आईपाशी का टाकताय?"

"तिचा व्हिसा माझ्या नावावर आहे," ते म्हणाले, जणू यात सगळं उत्तर आलं. आणि ते आलंच होतं. त्यांनी मनात आणलं तर कागद रद्द, आणि तिला जावं लागणार. शाळावाले स्वतःचा व्हिसा द्यायला तयार होते, पण त्यासाठीही यांच्या सहीशिवाय काही हलत नव्हतं, असं नंदानं मला सांगितलं होतं.

"सानिकाची परीक्षा होईपर्यंत तरी थांबा," मी म्हटलं. "पोरीसाठी."

त्यांनी गॅरेजच्या फरशीकडे बघितलं. "परीक्षेपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर खलास."

मी काहीतरी मिळवल्यासारखी परत निघाले. टॅक्सीत लक्षात आलं, की मी बहिणीला न विचारता तिच्या वतीनं तारीख ठरवून आले होते.

घरी गेल्यावर नंदाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आता तुम्ही दोघांनी ठरवलंत," ती म्हणाली.

"अगं, मी तुझ्या बाजूनंच—"

"माझ्या बाजूनं तू आलीसच कुठं, ताई? त्यांनी बोलावलं, तू आलीस. टाळ्या घेतल्यास. आज त्यांच्याकडं गेलीस, बोलून आलीस. मला कुणी विचारलं? तू तरी विचारलंस?"

मी म्हटलं, "मग आत्ता विचारते. येतेस माझ्याबरोबर? गावाला नाही, सांगलीला, माझ्या घरी."

"नाही."

"का गं?"

"तुझ्याबरोबर आले तर त्यांचं ठरलं तसं झालं." तिनं मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. "आणि पोरीला परीक्षेआधी टाकून कुठं येऊ?"

सानिका दारात उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. ती आत आली, आईच्या शेजारी बसली आणि मेथी निवडायला लागली. तिला निवडता येत नव्हती, मुळांसकट टाकत होती. नंदानं तिला दुरुस्त केलं नाही.

परत

सोमवारी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, बरोबरच्या दुसऱ्या पॅसेंजर कुठे आहेत. मी म्हटलं, त्या येणार नाहीत. विश्वासराव मागे उभे होते. त्यांनी बॅग पट्ट्यावर उचलून ठेवली, वाकून मला नमस्कार केला आणि गेले. मी आशीर्वाद दिला का, हे मला आठवत नाही. विमानात शेजारच्या मोकळ्या सीटवर पलीकडच्या बाईनं आपला कोट आणि खजुराची पिशवी ठेवली, आणि मुंबईपर्यंत मी त्या पिशवीकडे बघत आले.

सांगलीत सोसायटीनं तो सिनेमा दाखवायचं ठरवलं होतं. मी विरोध केला नाही. लोक हसले. कुणी म्हणालं उत्तम, कुणी म्हणालं टुकार. चर्चेत मी पहिल्यांदाच काही बोलले नाही. माझ्या लेखाचं कौतुक करणारी दोन पत्रं दैनिकात आली, ती मी पूर्ण वाचली नाहीत.

सानिकाची परीक्षा झाली. त्यानंतर कितीतरी दिवस नंदाचा फोन लागत नव्हता. विश्वासरावांना फोन केला तर म्हणाले, "मला काही माहीत नाही, ताई," आणि त्यांचा आवाज असा होता की ते खरं बोलत असावेत.

मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी मराठीत शिव्या देत होतं.

"ताई, मी आले."

"कुठं आहेस?"

"मुंबईत. काल उतरले. इतके दिवस शाळेतल्या एका मैत्रिणीकडं होते. नाशिकला एका शाळेत काम बघितलंय, तिकडं निघालेय. सानिका कॉलेजची अॅडमिशन झाली की येते म्हणाली. बघू, येते का."

"अगं, कळवायचं तरी होतंस!" मी म्हटलं. "मी आणायला आले असते."

"म्हणूनच नाही कळवलं," नंदा म्हणाली, आणि बस आली म्हणून तिनं फोन ठेवला.